आमची वाटचाल : जांभ्याचा लाल

रत्नागिरीत मांडवीकडे काळा समुद्र, पलीकडे पांढरा समुद्र. या दोन किनाऱ्यांच्या वाळूतला फरक ज्याला प्रिंटवर दाखवता येत नाही, त्याने इथे लँडस्केपचं काम घेऊ नये, असं माझं आजही मत आहे.

फोटो छापून देण्याच्या आमच्या धंद्याची सुरुवात डार्करूमची, म्हणजे फिल्मवरून फोटो काढायच्या अंधाऱ्या खोलीची. भागीदार आमचे दादा. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ते एन्लार्जरखाली (निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं पाडणारं यंत्र) हलवत राहायचे, म्हणजे माडाखालची सावली काळी पडत नसे. एका जागी हात थांबला की कडा उमटलीच. पुढे कॉम्प्युटर आला. फोटोशॉपमधलं डॉजचं, म्हणजे भाग उजळवण्याचं, चिन्ह बघून दादा म्हणाले, "अरे, ही तर माझीच काडी!" बर्नचं, म्हणजे भाग गडद करण्याचं, चिन्ह म्हणजे वळवलेला हात, तोही त्यांचाच.

मधली वर्षं बरी गेली.

मग शेजारच्या गल्लीत एक दुकान निघालं. नाव घेत नाही. एका रिसॉर्टची बावीस फ्रेमची ऑर्डर आमची होती, प्रूफ, म्हणजे नमुनाही दिला होता. पावसाळी आभाळाचा करडा मी रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) पायरीपायरीने उतरवला होता. त्यांनी आमच्याच जेपेगवर सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगाच्या भडकपणाचा, स्लायडर टोकाला नेला. समुद्र निळाशार, आणि जांभ्याची भिंत? लाल चॅनल (फाइलमधला लाल रंगाचा हिस्सा) 255 ला, म्हणजे कमाल आकड्याला, जाऊन आपटलेला, चिऱ्याची भोकं, खडबडीतपणा, सगळं सपाट. लोकांना तेच आवडलं. ऑर्डर गेली, पाठोपाठ आणखी दोन गेल्या, आणि वर "तुमचे फोटो फिके असतात" हे ऐकावं लागलं. तो शब्द अजून डाचतो.

तो पावसाळा आठवतो. नवा प्रिंटर, बँकेचा हप्ता आणि काम नाही. इंकजेट प्रिंटर नुसता उभा ठेवला तर शाई फवारणारं हेड सुकतं, म्हणून रोज सकाळी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं तपासणाऱ्या रेघांचं पान, काढायचो. रेघ तुटलेली दिसली की क्लीनिंग, म्हणजे गिऱ्हाईक नसताना शाई जळणार. दमटपणाने कागदाचे दोन रोल लाटा आल्यासारखे वाकले. दादा त्याच वर्षी भागीदारीतून निघाले. भांडण नव्हतं, पण बाहेर पडताना त्यांनी मागे पाहिलं नाही.

टिकवलं ते वेळणेश्वरच्या एका काकांनी. घरगुती राहण्याची सोय चालवतात. प्रिंट घ्यायला आले की पिशवीतून चिऱ्याचा तुकडा काढून खिडकीशी प्रिंटजवळ धरतात. जुळला नाही तर म्हणतात, "पुन्हा काढ, मी थांबतो." पैसे मात्र दोन्ही प्रिंटचे देतात.

नव्या मुलांना सांगतो: फाइल 16 बिटमध्ये ठेवा, रंगछटांच्या पायऱ्या पुष्कळ मिळतात. 8 बिटला एका चॅनलमध्ये 256 पायऱ्या, कर्व्ह (उजेड-अंधार बदलणारी रेषा) जोरात ओढला की आभाळात पट्टे दिसतात. कर्व्हने कॉन्ट्रास्ट वाढवला की रंगही भडकतो, म्हणून त्या लेयरचा (थराचा) ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी करा, म्हणजे फक्त उजेड बदलतो, रंग नाही. मॉनिटर कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचे रंग मापाने जुळवा, आणि त्याचा उजेड उतरवा. झगझगीत स्क्रीनवर बरा दिसलेला फोटो कागदावर काळवंडतो, मग दोष प्रिंटरला देतात.

यंदा काकांना पडवीसाठी जुनीच फ्रेम मोठी हवी आहे. रोल आला आहे, सिलिका जेलच्या पुड्या घालून बांधून ठेवला आहे. हवा कोरडी झाली की काढतो.