एक फूट: चार्ल्स्टनमधल्या घरखरेदीचा माझा अनुभव

मी सांगलीची. पावसाळ्यात आमच्याकडे कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न "आयर्विनला किती?" आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. गावभागातल्या माणसाला आपल्या उंबऱ्याचा आकडा जन्मतारखेसारखा पाठ असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आईबाबा पाच दिवस शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होते.

त्यामुळे चार्ल्स्टनमध्ये घर बघतोय असं सांगितल्यावर आईने किंमत विचारली नाही, खोल्या किती ते विचारलं नाही. "पाणी कुठपर्यंत येतं ते विचारलंस का?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "हो गं, घराच्या उंचीचा दाखला आहे. घर पूररेषेच्या वर आहे." मला तसंच सांगण्यात आलं होतं. पण त्या दाखल्यात एक फुटाचा फरक होता.

चार्ल्स्टन साउथ कॅरोलिनात आहे. अॅशली आणि कूपर या दोन नद्यांमध्ये समुद्राकडे निमुळती होत गेलेली जमीन, आणि तिच्यावर १६८० पासून वसलेलं शहर. आम्ही सहा वर्षं कूपर नदीपलीकडे माउंट प्लेझंटमध्ये भाड्याने राहिलो. नवी घरं, रुंद रस्ते, सगळं ठीक. पण दुकानात जायचं तरी गाडी काढावी लागायची आणि शेजाऱ्याचा चेहरा गॅरेजचं दार वर जाताना दिसला तर दिसायचा. जुन्या शहरात मात्र लोक पडवीत बसतात. इथली जुनी घरं एका खोलीइतकीच रुंद, रस्त्याकडे अरुंद बाजू केलेली, आणि दक्षिणेला किंवा पश्चिमेला लांबच लांब पडवी. तिला इथे पियाझा म्हणतात. रस्त्यावरचं दार उघडलं की आपण घरात जात नाही, पडवीत जातो. शेजारच्या घराची उत्तरेची भिंत आपल्या पडवीसमोर येते, म्हणून त्या भिंतीला खिडक्या कमी, आणि ज्या असतील त्यांतून डोकवायचं नाही ही रीत. तिला 'नॉर्थसाइड मॅनर्स' असं नावही आहे. वाड्यात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. भिंतीला भिंत लागून राहायचं तर नजर आवरावी लागते.

ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेची प्रसिद्ध घरं आमच्या आवाक्यातली नव्हतीच. आम्ही ईस्टसाइडमध्ये बघत होतो. १७६९ मध्ये हेन्री लॉरेन्स यांनी हॅम्पस्टेड नावाने आखलेला हा भाग, पिढ्यान् पिढ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा. फिलिप सिमन्स हे लोहार इथल्याच ब्लेक स्ट्रीटवर राहायचे. शहरभरच्या देखण्या लोखंडी फाटकांतली कितीतरी त्यांच्या हातची. २००९ मध्ये ते गेले. आम्हाला आवडलं ते घर एकमजली, लाकडी, विटांच्या खांबांवर उभं. अशा घरांना इथे फ्रीडमन्स कॉटेज म्हणतात. तीन खोल्या, एक पडवी, मागे अंजिराचं झाड.

घर आवडलं, ऑफर गेली, मान्य झाली, इसार भरला. इथे करारात तपासणीसाठी ठरावीक दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत माघार घेता येते. नंतर मागे फिरलात तर इसारावर पाणी सोडावं लागू शकतं. त्या दिवसांत घराची सर्वसाधारण तपासणी, सीएल-१०० म्हणजे वाळवी आणि ओलीचा अहवाल, वायरिंग, छप्पर, सगळं उरकायचं. ते रीतसर झालं, त्यावर फार लिहीत नाही. वाळवीच्या जुन्या खुणा निघाल्या. त्या इथे बहुतेक जुन्या घरांत निघतात.

आईचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नव्हता. म्हणून भरतीचं वेळापत्रक काढलं आणि पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या वेळी एकटीच त्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. लख्ख ऊन होतं, आठवडाभर पाऊस नव्हता. कोपऱ्यावरच्या गटाराच्या जाळीतून आधी बुडबुडे आले. मग जाळीवर अडकलेलं ओकचं पान हळूच उचललं गेलं आणि तरंगायला लागलं. पाच मिनिटांत जाळी दिसेना. पंधरा मिनिटांत रस्त्याच्या कडेने पाण्याचा पट्टा पसरला आणि त्यात बोटाएवढे मासे फिरत होते. मी बोट बुडवून जिभेला लावलं, खारट होतं. समुद्र गटारातून उलटा रस्त्यावर आला होता.

पडवीत बसलेल्या शेजारच्या आजींनी मला हाक मारली. वय ऐंशीच्या पुढे. इथे वडीलधाऱ्या बाईला पहिल्या नावाआधी 'मिस' लावून बोलतात, मीही तसंच बोलते. पण मनात त्या आजीच. "घर घेणार आहेस ना ते? इकडे ये." त्यांनी स्वतःच्या घराच्या पायऱ्या दाखवल्या. २०१७ मध्ये इर्मा वादळात पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं. त्या दिवशी बंदराच्या मोजपट्टीवर ९.९२ फूट भरती होती. ही मोजपट्टी ओहोटीच्या पातळीपासून मोजते, घरांच्या उंचीचं माप वेगळं. इथे ७ फुटांवर रस्त्यांवर पाणी यायला लागतं, ८ फूट म्हणजे मोठा पूर. १९८९ मध्ये ह्युगो वादळाच्या वेळी भरती १२ फुटांच्या वर गेली, तेव्हा आजी लेकरांना घेऊन उंचावरच्या चर्चमध्ये होत्या. मी ऐकत राहिले. सांगलीतच बसल्यासारखं वाटत होतं. आकडे वेगळे, पायऱ्या वेगळ्या, पण सांगायची पद्धत तीच.

मग हिशेब जुळेना. दाखल्यावर घराच्या जमिनीची, म्हणजे आतल्या फरशीची उंची ९.४ फूट होती. नकाशात आमच्या भागाची पूररेषा ९ फूट. आजींचं घर आमच्याच उंचीचं दिसत होतं, तरी पाणी त्यांच्या दुसऱ्या पायरीला लागलेलं. एजंट म्हणाले, घर रेषेच्या वर आहे, काळजी करू नका. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून तिसऱ्यांदा ऐकलं. त्यांनी मुद्दाम फसवलं असं मला आजही वाटत नाही, पण त्यांनी तो कागद नीट वाचला नव्हता.

आम्ही स्वतःच्या खर्चाने सर्व्हेयर बोलावला. त्याने जुना दाखला हातात घेतला आणि पहिल्याच मिनिटाला एका बारीक ओळीवर बोट ठेवलं. उंची कोणत्या शून्यापासून मोजली, ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. तिथे १९२९ होतं. म्हणजे त्या साली ठरवलेल्या समुद्रसपाटीच्या शून्यापासून. २०२१ च्या जानेवारीत चार्ल्स्टन काउंटीचे नवे पूरनकाशे लागू झाले, ते १९८८ च्या शून्यावर. या दोन शून्यांमध्ये चार्ल्स्टनला जवळजवळ एक फुटाचा फरक पडतो. जुन्या मापाचे ९.४ नव्या मापाने ८.४ होतात. घर तेच, जोतं तेच, खांब तेच. पण रेषा नव्या मापाची आणि उंची जुन्या मापाची धरून कुणीतरी वजाबाकी केली होती. आमचं घर रेषेच्या वर नव्हतं, सात इंच खाली होतं.

त्या रात्री मी नीट झोपले नाही. नवरा म्हणाला, सोडून देऊ. सोडायला दिवस हातात होते. मी एक आठवडा मागितला आणि त्या आठवड्यात जे कळलं ते आधी कळायला हवं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

एक म्हणजे जुना नकाशा. हॅल्सी यांनी १९४९ मध्ये काढलेल्या चार्ल्स्टनच्या नकाशावर मूळ खाड्या आणि दलदल दाखवलेली आहे. हे शहर खूपसं भराव टाकून मोठं झालेलं. मार्केट स्ट्रीट, वॉटर स्ट्रीट या एकेकाळच्या खाड्याच. पाणी आजही आपली जुनी वाट धरतं. आमचा प्लॉट मूळ जमिनीवर निघाला, पण दोन घरं सोडून पुढे दलदलीची कड सुरू होत होती. गटाराची ती जाळी बरोबर त्या कडेवर.

दुसरं म्हणजे विमा. आपल्या मनात घराचा विमा म्हणजे एक पॉलिसी. इथे नेहमीच्या पॉलिसीत पूर धरत नाहीत, तो वेगळा. भूकंपही वेगळा, आणि भूकंप इथे ऐकीव गोष्ट नाही. १८८६ च्या ३१ ऑगस्टच्या भूकंपाने शहर मोडलं होतं. जुन्या विटांच्या घरांच्या भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात, त्या भिंती आवळून धरणाऱ्या गजांच्या. सरकारी पूरविमा घराच्या इमारतीसाठी २,५०,००० डॉलरपर्यंतच मिळतो. एरवी तो लागू व्हायला ३० दिवस लागतात, कर्जाच्या व्यवहाराबरोबर घेतला तर ही वाट बघावी लागत नाही. खऱ्या उंचीवर हप्ता काढून घेतला आणि तो महिन्याच्या हिशेबात मांडून मगच पुढचा विचार केला. अंदाजावर कुणी पुढे जाऊ नये.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. पूरक्षेत्रातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर ते घर आजच्या नियमाप्रमाणे उंच करावं लागतं. किंमत फक्त इमारतीची, जमिनीची नाही. छोट्या लाकडी घराची अशी किंमत फार नसते, त्यामुळे नव्या स्वयंपाकघराचं आणि छपराचं काम एकदम काढलं की निम्मा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. ऐतिहासिक म्हणून नोंद असलेल्या घरांना यातून सूट मिळू शकते, पण त्यांचं जुनेपण जपलं तरच. आम्ही कामं टप्प्याटप्प्याने करायचं ठरवलं.

नवा दाखला विकणाऱ्यांना दाखवला. त्यांनी वाद घातला नाही, किंमत उतरवली. त्या पैशांत विटांचे खांब दुरुस्त करता येणार होते. कुणीतरी पूर्वी त्यांच्या विटांमधले सांधे सिमेंटने भरले होते आणि मऊ जुन्या विटा कडेने सुटत होत्या. मी वाकून हात लावला तर विटेचा पापुद्रा बोटाबरोबर आला. आजोबांच्या वाड्याला सिमेंटचा गिलावा केल्यावर हेच झालं होतं. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडून ठेवतं आणि वीट फुटते. इथले जाणते गवंडीही चुनाच वापरतात. खांबाच्या एका विटेवर बोटांचे तीन ठसे होते, लहान हाताचे. चार्ल्स्टनच्या जुन्या विटा गुलाम माणसांनी थापल्या, त्यांत मुलंही होती, आणि असे ठसे शहरात ठिकठिकाणी दिसतात. आमची वीट कुठल्या जुन्या भिंतीतून इथे आली, कोण जाणे. गवंड्याला मी सांगितलं, ती वीट हलवायची नाही.

मग सर्च रिपोर्ट. साउथ कॅरोलिनात घराचा व्यवहार वकिलाच्या देखरेखीखालीच पुरा होतो, आणि मालकीचा मागोवाही तेच घेतात. आमचं घर स्वच्छ निघालं. पण त्या निमित्ताने आजींच्या घराची गोष्ट कळली. त्यांच्या वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यामुळे घर सगळ्या वारसांचं, आणि वारस आता चार राज्यांत विखुरलेले. सातबाऱ्यावर वीस नावं असतात तशी गत. पूर्वी बाहेरचा कुणी एका वारसाचा हिस्सा विकत घ्यायचा, कोर्टात जायचा आणि सगळं घर लिलावात काढायचा. अशी किती घरं गेली! २०१६ मध्ये क्लेमेंटा पिंकनी यांच्या नावाने कायदा झाला. २०१५ मध्ये इमॅन्युएल चर्चमध्ये मारले गेले ते आमदार आणि पाद्री. आता बाहेरच्याने विक्री मागितली तर आधी घरच्यांना तो हिस्सा घ्यायची संधी मिळते. १९८० मध्ये या जुन्या शहरात कृष्णवर्णीय लोक बहुसंख्य होते, आज नाहीत. आमच्यासारखे पगारदार तिथे घर घेतात, किमती चढतात, कर वाढतो, आणि कुणाला तरी जावं लागतं. मी हे आजींशी बोलले. त्या म्हणाल्या, "तू राहायला येतेयस ना? पर्यटकांना भाड्याने देणार नाहीस ना? मग ये." आम्ही तसा शब्द दिला आणि पाळतोय.

सह्यांचा दिवस दीड तासात संपला. खरेदीखत काउंटीत नोंदलं गेलं. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी एक सांगते: स्वतः राहणार असाल तर घराच्या किमतीच्या ४ टक्क्यांवर कर आकारतात, नाहीतर ६ टक्क्यांवर. पण तो अर्ज आपण करायचा असतो, आपोआप काही होत नाही. आम्ही नोंदणीच्या दुसऱ्या आठवड्यातच केला.

पडवीच्या पायऱ्या सडल्या होत्या. रस्त्यावरून दिसणारा भाग बदलायचा तर शहराच्या आर्किटेक्चरल रिव्ह्यू मंडळाची संमती लागते. १९३१ पासूनची ही पद्धत, अमेरिकेत पहिली. लोक या मंडळाला घाबरतात. आमचं काम लहान होतं, ते कचेरीतच मंजूर झालं. तिथल्या माणसाने पायरीच्या कडेची गोलाई जुन्या फोटोत मोजून दाखवली आणि तशीच करायला सांगितली. चार पायऱ्या झाल्या. मी प्रत्येकीची उंची १९८८ च्या मापाने वहीत लिहून ठेवली आणि आईला पाठवली. तिने ती फ्रिजवर लावली आहे, आयर्विनच्या आकड्यांशेजारी.

पहिल्या ऑक्टोबरात मोठ्या उधाणाचा इशारा आला. सकाळी सात वाजता आजी पडवीत उभ्या होत्या, हातात गाडीची किल्ली. त्यांचा नातू गावाला गेला होता. मी आधी त्यांची गाडी उंचावर नेऊन लावली, चालत परत आले, मग आमची. दुसऱ्यांदा परतताना पाणी घोट्याच्या वर होतं. चपला हातात घेऊन मी आमच्या पायऱ्यांशी पोचले. पाणी पहिल्या पायरीच्या चार बोटं खाली थांबलं होतं. पलीकडून आजींनी विचारलं, "किती?" मी वाकून मोजलं आणि सांगितलं.