2147483647 नावाचं प्रकरण

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. गेम खेळणाऱ्यांनी हा आकडा नक्की पाहिलेला असतो, पॉइंट्स वाढत वाढत इथे येतात आणि अडकतात. कारण साधं आहे, कॉम्प्युटर अशी संख्या बऱ्याचदा 32 बिटांत, म्हणजे 0 किंवा 1 भरायच्या 32 जागांत ठेवतो, त्यातला एक बिट अधिक-उण्यात जातो आणि उरलेल्या 31 जागी सगळीकडे 1 भरला की हीच संख्या होते, म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1. त्यात अजून एक मिळवा, बऱ्याच ठिकाणी थेट उणे 2147483648 दिसतं, करोडपतीचा क्षणात कर्जबाजारी! 1970 पासूनचे सेकंद मोजणारी जुनी 32 बिटी घड्याळंसुद्धा 19 जानेवारी 2038 ला इथेच येऊन धडकणार आहेत.

पण मला ती आवडते ते वेगळ्याच कारणाने. ती मूळ संख्या आहे, आणि हे ऑयलर या गणितीने 1772 च्या सुमाराला दाखवलं, तेव्हा त्याला डोळ्यांनी जवळपास काहीच दिसत नव्हतं. आता सरळ मार्गाने जायचं तर हिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे साधारण 46,340 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्या भरतात साडेचार हजारांच्या वर, कोण करत बसणार? ऑयलरने आधी चाळणी लावली. हिला भाग जाणारी मूळ संख्या असलीच तर तिला 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 च उरली पाहिजे. बस्स, बाकीच्या सगळ्या तपासायच्या आधीच बाद. 63, 249 वगैरे मुळात मूळ संख्याच नाहीत, त्यामुळे पहिला खरा उमेदवार 311. भागून बघा, 69,05,092 वेळा जातो आणि बाकी 35. नापास. असं करत करत शेवटपर्यंत कोणीच पास होत नाही. मला विचाराल तर खरी कमाल त्या भागाकारांपेक्षा न केलेल्या भागाकारांची आहे.

हिला 2 च्या 30 व्या घाताने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते, स्वतः सोडून सगळ्या विभाजकांची बेरीज बरोबर तेवढीच. 1811 मध्ये पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितीने लिहून टाकलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधी कोणी शोधणार नाही, कारण असल्या संख्या नुसत्याच गमतीच्या, उपयोग शून्य. माणसं असल्या गमतीपायी काय काय करतात याचा बिचाऱ्याला अंदाजच नव्हता, 1876 मध्ये ल्युका या फ्रेंच गणितीने 2 चा 127 वा घात वजा 1 ही 39 अंकी संख्या मूळ असल्याचं कॉम्प्युटरशिवाय दाखवलं आणि तिच्यासोबत एक नवी परिपूर्ण संख्याही आली.

एक मात्र आहे, कॉम्प्युटरची मर्यादा आणि मूळ असणं यांचा आपसात काही संबंध नाही. 8 बिटांची मर्यादा 127, मूळ. 16 बिटांची 32767, तिला 7 ने भाग जातो. 32 ला परत मूळ. आणि आता सगळीकडे 64 बिटं आली, मर्यादा एकदम 19 अंकी झाली, दिसायला काय भारदस्त, पण तिलाही 7 ने भाग जातो, तोही दोनदा.