कोळसा धरेपर्यंत

मे महिन्याचा शेवटचा सोमवार उजाडला की आमच्या गल्लीत दुपारी बारापासून धूर निघायला लागतो. न्यू जर्सीतल्या रस्त्याला गल्ली म्हणावं का, हा प्रश्न बाजूला ठेवा. मेमोरियल डेची सुट्टी असते, उन्हाळा सुरू झाला असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं, आणि ज्याच्या त्याच्या मागच्या अंगणात तीन पायांवर उभ्या असलेल्या काळ्या गोल भांड्यापुढे हाफ चड्डीतला एक पुरुष हातात चिमटा धरून गंभीर चेहऱ्याने उभा असतो. वर्षभर घरात चहाचं आधणही न ठेवणारा माणूस विस्तव म्हटला की असा पुढे का सरसावतो, कोण जाणे. मीही त्यातलाच, म्हणून बोलतो.

"गॅसवाली ग्रिल घे, बटण दाबलं की झालं," असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पण मला हवं होतं निखाऱ्यावरच्या वांग्याचं भरीत. घरात विजेची, वरून काच असलेली शेगडी आहे. तिच्यावर वांगं भाजायचं म्हणजे वांग्याला इस्त्री करण्यासारखं. तेव्हा बावीस इंची गोल ग्रिल आणली, कोळशाची थैली आणली, आणि पहिल्याच रविवारी कोळसे जाळीवर एका ओळीत, फरशी बसवावी तसे नीट मांडले. वर कागदाचे बोळे ठेवून काडी ओढली. कागद भसकन जळला, त्याची काळी पाखरं उडून कोथिंबिरीच्या कुंडीत जाऊन बसली. कोळसे होते तसेच. अर्धी काडेपेटी संपली तरी एकाही कोळशाने धरलं नाही.

मग दुकानात कोळशाशेजारीच ठेवलेली ती बाटली आठवली. पेटवण्याचं तेल. ते भरपूर शिंपडलं आणि काडी लावली. माणूसभर ज्वाळा उठली. बायको खिडकीतून ओरडली, मला मात्र धन्य वाटलं. पाच मिनिटांत ज्वाळा बसली आणि खाली पुन्हा तेच काळेभोर, थंड चेहऱ्याचे कोळसे. मी बाटली उचलून दुसऱ्यांदा ओतणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे म्हातारबुवा असे काही ओरडले की बाटली हातातून पडलीच. तापलेल्या कोळशावर तेल पडलं की त्याची आधी वाफ होते, वाफ भडकते आणि धारेवरून चढत थेट हातातल्या बाटलीपर्यंत येऊ शकते, हे त्यांनी मला कुंपणाला टेकून, न हसता समजावलं. ते हसले नाहीत याचं मला अजून अप्रूप आहे.

त्या संध्याकाळी मक्याची कणसं भाजली. लेकीने एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बाबा, याला पेट्रोल पंपाचा वास येतोय."

या तेलाचं असं आहे, की ते संपूर्ण जळून जाऊन कोळशांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबलं तर वास बराच जातो. पण थांबतो कोण? माणसं ज्वाळा बसली की लगेच जाळी ठेवतात. तेल आधीच मुरवलेले कोळसेही मिळतात, एका काडीत पेटतात. ते म्हणजे आयतं रॉकेल प्यायलेले. लॉस एंजेलिसच्या परिसरात तर हवा शुद्ध ठेवणाऱ्या खात्याने १९९० साली या तेलाच्या वाफांवर नियमच केला. अंगणात कणीस भाजणाऱ्यांच्या मागे सरकार लागलं म्हणून तेव्हा लोकांनी यथेच्छ चेष्टा केली. पण शहरभर लाखो घरांतून एकाच रविवारी ही बाटली पिळली जात असेल, तर खात्याचं म्हणणं मला तरी पटतं. मी त्या दिवसानंतर बाटली विकत घेतली नाही.

रात्री आईला फोन केला. सातारला सकाळ होती, ती चहा घेत होती.

"अगं, कोळसा पेटतच नाही इथला."

"इथला म्हणजे? कोळसा तो कोळसा. खालून वारा कुठून जातो ते बघितलंस का?"

"वरून तेल ओतलं होतं."

"वरून?" पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "वरून ओततात का कुणी? बोळा खाली ठेवायचा. आणि पसरून काय ठेवतोस, रांगोळी काढायची आहे का? ढीग कर."

तिचं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. लाकूड पेटतं ते त्यातून निघणाऱ्या वायूंमुळे. ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. कोळसा म्हणजे तेच लाकूड, पण अपुऱ्या हवेत भाजून त्यातला जवळजवळ सगळा वायू आधीच काढून घेतलेला. उरतो तो बहुतेक नुसता कार्बन, आणि तो फक्त पृष्ठभागावर, हवा जिथे शिवेल तिथेच जळतो. म्हणून त्याला धरायला वेळ लागतो. एकटा कोळसा कोपऱ्यावर पेटला तरी आजूबाजूला उष्णता घालवून बसतो आणि विझतो. चार कोळसे एकमेकांना चिकटून असले की एकाची धग दुसऱ्याला लागते. पुढे त्यांच्यावर ज्या निळ्या जिभा नाचतात, तो आतून निघणारा कार्बन मोनॉक्साईड बाहेरच्या हवेत जळत असतो.

आमच्या वाड्यात दोन शेगड्या होत्या. एक लोखंडी आणि दुसरी फुटक्या बादलीची. बादलीला खाली तोंड कापलेलं, मध्ये गजांची जाळी, आतून माती लिंपलेली. आजी जाळीवर नारळाची शेंडी आणि चार ढलप्या ठेवायची, रॉकेलात बुडवलेला चिंधीचा बोळा त्यात खुपसायची, वर आधी बारके आणि मग मोठे कोळसे. शेगडी पेटवायची अंगणात. धूर संपेपर्यंत तिला घरात प्रवेश नसे. खालच्या तोंडाशी पुठ्ठ्याने वारा घालायचं काम माझ्याकडे. तोंडाशी, वरून नाही. वरून वारा घातला की राख डोळ्यांत आणि आजीचा धपाटा पाठीत. कोळसे लाल होऊन वर पांढरी साय धरली की ती म्हणायची, "फुलली गं शेगडी," आणि दोन फडक्यांनी कान धरून ती आत न्यायची. फुलणं हा शब्द निखाऱ्याला कुणी पहिल्यांदा लावला असेल, त्याने नक्की बराच वेळ शेगडीपुढे बसून काढला असणार.

पुढच्या रविवारी म्हातारबुवांनी कुंपणावरून एक पत्र्याचं नळकांडं दिलं. दीड वीत उंच, दोन्ही बाजूंनी उघडं, बाजूला लाकडी मूठ, आणि आत तळाच्या थोडं वर जाळी. याला इथे चिमणी म्हणतात. जाळीच्या खाली कागदाचे दोन बोळे, वर काठोकाठ कोळसे. शंभराच्या आसपास मावतात. कागदाला खालच्या भोकांतून काडी लावायची आणि बाजूला व्हायचं. तेल नाही, पंखा नाही. सुरुवातीला पिवळा दाट धूर येतो आणि माणसाचा धीर सुटतो. मग धूर विरळ होतो, आणि सात-आठ मिनिटांनी नळकांड्यातून एक आवाज यायला लागतो. हलका, घुमल्यासारखा.

तो आवाज मी चाळीस वर्षांनी ऐकत होतो. हा बंब होता!

नाना पहाटे पाचला उठून तांब्याचा बंब पेटवायचे. मधल्या नळ्यात गोवरीचा तुकडा, बोळा, ढलप्या, करवंट्या, वर कोळसे. भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी. पेटला की बंब घुमायला लागायचा आणि त्या आवाजाने आम्हाला जाग यायची. तापलेली हवा हलकी होऊन नळ्यातून वर जाते, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते, ती कोळसे आणखी तापवते, आणखी ओढ लागते. नळा जितका उंच तितकी ओढ जास्त. चिमणीत तेच. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांच्या कडा राखाडी झाल्या की मूठ धरून सगळा ऐवज ग्रिलमध्ये ओतायचा. फक्त नाना बंबात अंघोळीचं पाणी तापवायचे आणि मी इथे नुसती हवा तापवत होतो, हे आईला सांगितल्यावर तिला ते उधळपट्टीचंच वाटलं.

अडचण आली ती कागदाची. छापील वर्तमानपत्र आमच्याकडे येत नाही. जाहिरातींचे गुळगुळीत कागद नीट जळत नाहीत, नुसते वळतात. पूर्वी वाणसामानाच्या तपकिरी पिशव्या असत, पण २०२२च्या मे महिन्यापासून न्यू जर्सीत मोठ्या किराणा दुकानांतून त्याही बंद झाल्या. आता ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांत कोंबलेला कागद मी साठवून ठेवतो. बायको त्याला माझी इस्टेट म्हणते. त्या बोळ्यावर चमचाभर खायचं तेल सोडलं तर तो वातीसारखा सावकाश जळतो आणि एकाच कागदात काम होतं. ही युक्ती ज्याने काढली त्याच्या घरी काकड्याची परंपरा नसणार, तरी पोचला तो तिथेच.

बाकीचेही प्रकार करून पाहिले. मेणाच्या वड्या चांगल्या, वाऱ्यातही टिकतात. कोळशात खुपसायचं विजेचं वेटोळं मिळतं, पण अंगणात विजेची वायर ओढत नेऊन विस्तव करायचा हे मला जमत नाही, मन घेत नाही. एकदा चोरून हेअर ड्रायर लावला. सिंहगडावर कणीसवाल्या मावशी हाताने फिरवायचा पंखा लावतात, तसाच हा, असा माझा युक्तिवाद होता. कोळसे फुलले झकास, पण ठिणग्या उडाल्या, आणि ड्रायरमधून पुढे आठवडाभर राखेचा वास आला. त्याविषयी घरात अजून बोललं जातं.

ग्रिलच्या झाकणाला भोकं का असतात, याचीही एक गोष्ट सांगतात. शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचा गृहस्थ पत्र्याच्या कारखान्यात होता. तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांचे अर्धगोल बनत. वारा आणि पाऊस विस्तवाची वाट लावतात म्हणून वैतागून त्याने १९५२ साली त्या गोलाची ग्रिल केली. झाकण घातलं तर विस्तव विझायला लागला. शेवटी कुणा शेजाऱ्याने सुचवलं म्हणे, की बाबा, भोकं पाड त्याला. प्रत्येकाला एक कुंपणापलीकडचा शेजारी लागतो असं दिसतं.

आणि हे उशीच्या आकाराचे एकसारखे कोळसे? मिशिगनमधल्या आयर्न माउंटनला हेन्री फोर्डची लाकडाची गिरणी होती. तेव्हाच्या मॉडेल टी गाडीत लाकूडही बरंच लागे. त्याच्या ढलप्या आणि भुसा वाया जाऊ नये म्हणून १९२०च्या सुमाराला त्याने तिथे कोळसा करायला घेतला. भुकटीत पिठाची खळ घालून दाबून वड्या पाडल्या, आणि विकायला ठेवल्या कुठे, तर मोटारींच्या दुकानात. वड्यांचं पेटंट त्याच्याही आधीचं, एल्सवर्थ झ्वॉयर या माणसाचं, १८९७चं. मला हे वाचून हसूच आलं. आजी पोत्याच्या तळाशी उरलेली कोळशाची भुकटी शेणात कालवून लाडवाएवढे गोळे वळायची आणि पत्र्यावर उन्हात वाळवायची. रात्री शेगडीत दोन गोळे टाकले की सकाळपर्यंत विस्तव. भुसाही सोडला नव्हता. भुशाच्या शेगडीत मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा, बाटली हलकेच वर काढली की मध्ये नळा तयार. फोर्डसाहेबांची गिरणी आणि म्हातारबुवांची चिमणी एकाच डब्यात.

मागच्या ऑक्टोबरात पाऊस होता आणि पाहुणे येणार होते. गराजचं दार अर्धं उघडं ठेवून आत पेटवावं असं मनात आलं. म्हातारबुवांना विचारायची गरज पडली नाही, अंगणाबाहेर शेगडी पेटवू न देणारी आजीच समोर उभी राहिली. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या तिकडे दर वर्षी येतात. धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साईड असतो, आणि त्याला वास नसतो. पाहुण्यांना पिठलं-भाकरी घातली. त्यांना ती जास्त आवडली, हे जरा लागलंच.

आता जेवण झालं की मी झाकण लावून वरची-खालची भोकं बंद करतो. हवा तुटली की कोळसे अर्ध्यावरच विझतात आणि पुढच्या खेपेला उरतात. परवा तेच झाडून, राख खाली पाडून, चिमणी भरायला घेतली आणि अडलो. जुने खाली की नवे? फोन लावला.

"जुने खाली," आई म्हणाली. "एकदा जळलेला कोळसा लवकर धरतो. आणि वांग्याला तेलाचा हात लावून दोन-चार टोचे मार रे. मागच्या वेळी फुटलं होतं ना?"