कोलिसिनची प्लेट आणि तिसरा दिवस

एम.एस्सी.च्या पोरांना कोलिसिनचं (म्हणजे एका ई. कोलाय जीवाणूने दुसऱ्या ई. कोलायला मारायला सोडलेल्या प्रथिनाचं) प्रात्यक्षिक आवडतं, कारण दुसऱ्या दिवशीच उत्तर मिळतं. ई. कोलायच्या दाट वाढीत, कोलिसिन सोडणाऱ्या वसाहतीभोवती स्वच्छ गोल पडलेला असतो. व्यास मोजला, जर्नल लिहिलं, मंडळी मोकळी! मी मात्र प्लेटा टाकू देत नाही. आणखी एक दिवस इन्क्युबेटरमध्ये राहिल्या की त्या स्वच्छ गोलात वाचलेल्या जीवाणूंच्या बारीक बारीक वसाहती उगवतात. मला त्यांच्यात रस आहे.

बेल्जियमच्या आंद्रे ग्रातिया यांनी 1925 मध्ये पहिलं कोलिसिन नोंदवलं. पुढे बेल्जियममधल्याच लीजला पिएर फ्रेडेरिक यांनी अशाच वाचलेल्या जीवाणूंवरून कोलिसिनांचे गट पाडले. एका कोलिसिनला न जुमानणारा जीवाणू आणखी कुणाकुणाला जुमानत नाही, एवढंच बघायचं. साधी युक्ती, पण काय डोकं!

ई गटाचंच बघा. ई1 आतल्या पटलाला भोक पाडतं, ई2 डीएनए तोडतं, ई3 रायबोसोममधला (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातला) 16एस आरएनए नेमक्या एका जागी कापतं. मारायच्या तऱ्हा तीन, पण तिघंही पेशीला पहिल्यांदा धरतात ते बाहेरच्या पटलातल्या बीटीयूबी या एकाच प्रथिनाला. आणि बीटीयूबीचं मूळ काम काय, तर बाहेरचं बी12 जीवनसत्त्व आत घेणं. ई. कोलायला ते स्वतःला बनवता येत नाही.

बीटीयूबीचं भोक आतून बुचासारख्या भागाने बंद असतं, त्यामुळे एवढं मोठं प्रथिन त्यातून जाणं शक्य नाही. ई3 आणि बीटीयूबी एकत्र कसे बसतात त्याची रचना 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. कोलिसिनचा सुमारे 100 आँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक लाखावा भाग) लांबीचा दांडा बीटीयूबीवर तिरका टेकलेला दिसतो. मासे धरायला गळ टाकावा तसं त्याचं मोकळं टोक शेजारी ओम्पएफ हे छिद्राचं प्रथिन शोधतं, त्याच्या छिद्रातून आत उतरतं आणि आतल्या टॉलबी या प्रथिनाला पकडतं. मग पेशीची स्वतःचीच यंत्रणा त्याला आत ओढते. (ई1 ओम्पएफऐवजी टॉलसी हे दुसरं प्रथिन वापरतं. गटात एक तरी असा असतोच.)

आता ती तिसऱ्या दिवसाची पिल्लं. त्यातल्या बऱ्याच जणांचं बीटीयूबीच बिघडलेलं असतं. धरायला जागा नाही, म्हणून जिवंत. पोरं विचारतात, मग सगळ्याच ई. कोलायने ते टाकून का नाही दिलं? आमच्या ल्युरिया माध्यमात (जीवाणूंच्या सकस खाद्यात) ते टाकून काहीच अडत नाही. मेथिओनीन हे अमिनो आम्लही बाहेरून मिळतं, आणि ते नसलं तरी मेटई नावाचं विकर बी12 शिवाय बनवून देतं. पण आतड्यात इथॅनॉलअमाइन या खाद्यावर जगायचं तर बी12 लागतंच. प्लेटवर फुकटात मिळालेला बचाव तिथे महागात पडू शकतो.

म्हणून यंदा मेटई नसलेला वाण घेऊन, मेथिओनीन न घातलेल्या माध्यमात अगदी थोडं बी12 टाकून हाच प्रयोग लावणार आहे. तिथे बीटीयूबी टाकलं तर बी12 नाही, म्हणजे मेथिओनीनही नाही. म्हणून या वेळी गोल रिकामाच राहील, असा माझा अंदाज. वर्गात पैज लागली आहे, चहावर.