जुलाब लागले तेव्हा बीपीच्या गोळ्यांचं काय?

मे महिन्यातली दुपार, ठाण्यात नौपाड्यातलं आमचं मेडिकल. एक ताई घाईघाईने आल्या. “दादा, जुलाब थांबायची गोळी द्या, आणि अंगदुखीला डायक्लोफेनॅक.” सासूबाईंसाठी हवी होती; वय सत्तरच्या पुढे. आदल्या दिवसापासून जुलाब, उलट्या, पोटात अन्न नाही.

“नेहमीच्या गोळ्या?”

“त्या एकही चुकवल्या नाहीत हो!”

तिथेच धोका होता. मोबाईलमधल्या चिठ्ठीत बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ एकत्र, साखरेसाठी डॅपाग्लिफ्लोझिन १०, मेटफॉर्मिन ५०० दोनदा. जुलाबाने अंगातलं पाणी जात असताना हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ-पाणी काढतं, डॅपाग्लिफ्लोझिन साखरेबरोबर पाणी काढतं. पाणी कमी पडलं की किडनी गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी आवळून दाब टिकवते. टेल्मिसार्टन तिला आवळू देत नाही. त्यावर डायक्लोफेनॅक दिलं की आत येणारी वाहिनीही आक्रसते. किडनी मंदावली की मेटफॉर्मिन शरीरात साठतं. आणि उपाशीपोटी डॅपाग्लिफ्लोझिन चालू राहिलं तर रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढू शकतात, तेही ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसत असताना. घरच्यांना वाटतं, सगळं ठीक आहे.

“लघवी कधी झाली?” ताई थांबल्या. सकाळपासून नाही. घरी फोन लावून बीपी मोजायला सांगितलं: ९६/५८. मी दोन्ही गोळ्या दिल्या नाहीत, काउंटरवरूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी चारही औषधं तात्पुरती बंद करून लगेच सलाईनसाठी दाखल करायला सांगितलं. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) २.१ आलं, आधीच्या रिपोर्टमध्ये ०.९ होतं. दोन-तीन दिवसांत ते उतरलं.

जुलाबात पाजायच्या ओआरएसबद्दल, म्हणजे मीठ-साखरेच्या द्रावणाबद्दल, जरा सविस्तर सांगतो, कारण इथे फार गफलत होते. डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याचं २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठीच असतं. अर्धं पाकीट पेल्यात ढवळलं तर द्रावण दाट होतं आणि जुलाब वाढतात. पूर्ण पाकीट, मोजून एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, घोट घोट, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. फळांच्या चवीचे गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. लघवी थांबली, ग्लानी आली किंवा घोटही पोटात टिकत नसेल, तर घरी वाट पाहू नका.

इन्शुलिन मात्र स्वतःहून कधीच बंद करू नका; डोस डॉक्टर ठरवतील.

गोळ्या पुन्हा सुरू करणं हे तितकंच महत्त्वाचं. साधारणपणे जेवण-पाणी पूर्ववत होऊन २४ ते ४८ तास गेले की डॉक्टर हो म्हणतात. किडनीला मार बसला असेल तर आधी रिपोर्ट बघतात. बरेच जण बंद केलेली गोळी तशीच विसरतात आणि महिन्याभराने बीपी चढलेलं सापडतं. म्हणून कोणती गोळी कधी थांबवली आणि परत कधी विचारायचं, हे मी पाकिटावर मार्करने लिहूनच देतो.