गुलाबी मेणबत्तीच्या आठवड्यात

इंदूर, मंगळवार, १६ डिसेंबर २०२५

परवा आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाची, तिसरी मेणबत्ती लावली, गुलाबी. बाकीच्या तीन जांभळ्या हव्यात. सियागंजात त्या रंगाच्या मिळाल्या नाहीत, म्हणून पांढऱ्यांनाच जांभळी फीत बांधली आहे. या चार मेणबत्त्यांचं चक्र पितळेच्या परातीत, अशोकाच्या पानांचं. पानं दर चार दिवसांनी बदलावी लागतात.

हे चक्र मूळचं जर्मनीतलं. हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विचर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी घर चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? १८३९ साली त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रोजच्यासाठी लहान आणि रविवारसाठी मोठ्या. किती दिवस उरले ते मुलांना डोळ्यांनी दिसू लागलं. मला ही गोष्ट फार आवडते. वाट पाहायलाही काही तरी हातात लागतं.

तिसरा रविवार आनंदाचा. जांभळा रंग पश्चात्तापाचा, आणि त्यात मधेच हा एक गुलाबी दिवस. पण यंदा त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन, थेट तुरुंगातलं होतं. चर्चमध्ये मत्तयाने लिहिलेलं शुभवर्तमान वाचायचं वर्ष असलं की दर तीन वर्षांनी हे वाचन येतं. हेरोदाने कैदेत टाकलेला बाप्तिस्मा करणारा योहान आपल्या शिष्यांकडून येशूला विचारतो, येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने यार्देनच्या काठावर उभं राहून लोकांना येशूचा मार्ग तयार करायला सांगितलं, त्यालाच ही शंका. मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, वेळी लाल चर्चमध्ये हे हिंदीत ऐकलं, घरी येऊन मराठीत पुन्हा वाचलं, आणि तेव्हापासून मन तिथेच अडकलं आहे.

येशू त्याला ‘हो, मीच’ असं उत्तर देत नाही. तुम्ही जे पाहता आणि ऐकता ते योहानाला जाऊन सांगा, एवढंच म्हणतो. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. म्हणजे योहानाने कोठडीत बसून, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी, बाहेर काय चाललंय त्यावरून ओळखायचं. आगमनकाळाची खरी तयारी मला यात सापडते. प्रार्थना, उपवास, प्रायश्चित्त संस्कार (फादरांपुढे पापांची कबुली) हे सगळं करायचंच, मीही करते. पण तो येतो आहे याच्या खुणा आपल्या आसपास शोधायला शिकलो नाही, तर पंचवीस तारखेला गव्हाणीसमोर गुडघे टेकून आपण नेमकं कोणाचं स्वागत करणार?

इंदूरच्या माणसाला अशी खूण शोधायला लांब जावं लागत नाही. देवास जिल्ह्यातलं उदयनगर इथून फार दूर नाही. सिस्टर रानी मारिया मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या जोगिणींच्या संघाच्या. उदयनगरच्या भागात त्या आदिवासी आणि भूमिहीन शेतमजुरांमध्ये काम करत होत्या. सावकाराच्या कर्जातून माणसं सुटावीत, सरकारी योजनांचा पैसा ज्याचा त्याला मिळावा, हे त्यांचं काम. ज्यांना ते खुपत होतं, त्यांनी एका तरुणाला पुढे केलं. २५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्याने त्यांना भोसकून मारलं. सिस्टर ४१ वर्षांच्या होत्या.

पुढची गोष्ट मी दर आगमनकाळात मनाशी उजळते. सिस्टरांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही त्याच संघाच्या. २००२ साली त्या इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधून भाऊ मानून आल्या. पुढे कुटुंबाने आणि संघाने त्याच्या सुटकेसाठी विनंती केली. २००६ साली तो सुटला, आणि केरळला जाऊन सिस्टरांच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथेच, इंदूरमध्ये, सिस्टर रानी मारिया यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरच्या, घोषित केलं गेलं.

योहानाच्या शिष्यांनी आज येऊन मला विचारलं, तुझ्या गावात काय दिसतं, तर मी हे सांगेन. तुरुंगात राखी घेऊन गेलेली एक बहीण दिसते.

रविवारचं दुसरं वाचन याकोबाच्या पत्रातलं होतं. शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसापर्यंत धीर धरतो, तसा तुम्ही धरा. माळव्यात सध्या गहू उगवून वर आला आहे, मावठ्याची वाट पाहणं सुरू आहे. पण इथला शेतकरी नुसता आभाळाकडे बघत बसत नाही. रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा उठून पाणी देतो. धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असा अर्थ मला याकोबात कुठेच दिसत नाही. सेल्मी सिस्टरही सात वर्षं धीर धरून होत्या, आणि मग त्या उठून तुरुंगाच्या फाटकापर्यंत गेल्या.

घरात तयारी चालू आहे. अनारशांचे तांदूळ भिजत घातलेत, आज पाणी बदललं. पीठ गुळात मळून मुरवायला आठवडा पुरेल. शंकरपाळ्या शनिवारी. मॉलमध्ये गेला महिनाभर गाणी वाजताहेत; आमच्याकडे तारा लागेल तो चोवीसलाच. नाताळ तेव्हा सुरू होतो, संपत नाही.

उद्यापासून आगमनकाळाचा दुसरा टप्पा. आतापर्यंतची वाचनं प्रभू शेवटी पुन्हा येणार त्याकडे बघत होती. १७ तारखेपासून ती बेथलेहेमकडे वळतात. उद्याचं वाचन म्हणजे मत्तयाने दिलेली येशूची वंशावळ, चौदा चौदा पिढ्यांची ती लांबलचक यादी. वाचणाराही भरभर वाचतो, ऐकणाराही कंटाळतो. मी आज रात्रीच बसून ती सावकाश वाचली. अगदी सुरुवातीला येतं, याकोबाला (पत्रवाला नव्हे, हा जुना कुलपिता) यहूदा आणि त्याचे भाऊ झाले. त्याचे भाऊ! आपल्याच भावाला, योसेफाला, खड्ड्यात टाकून वीस नाण्यांना विकणारे तेच हे. त्याच योसेफाने पुढे दुष्काळात त्यांना धान्य दिलं आणि गळ्यात पडून रडला. पुढे तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको. एकही घर सरळ नाही. प्रभूला जन्म घ्यायला असंच घराणं सापडलं, आणि त्यातले वाईट भाऊसुद्धा मत्तयाने गाळले नाहीत.

बडोद्याला माझी धाकटी बहीण असते. आईच्या आजारपणापासून आमचं बोलणं तुटलं आहे. कोण काय बोललं ते इथे लिहीत नाही. लिहिलं की ते पुन्हा ताजं होतं. प्रायश्चित्त संस्काराला गेले तेव्हा फादरांनी फार उपदेश केला नाही. तिच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा, एवढंच म्हणाले. ती करते आहे. पण प्रार्थनेने मला आता टेलिफोनपर्यंत आणून सोडलं आहे, आणि पुढचं माझं मला करायचं आहे.

तिची शाळा साडेसातची. सातच्या आत फोन करायला हवा. नाताळला मुलांना घेऊन इकडे ये, एवढंच म्हणणार आहे. आईचा विषय तिने काढला तर ऐकून घेईन.