नळीखालचे शिक्के

शनिवार, रात्र. बर्मिंगहॅम.

आज पूर्ण दिवस लायब्ररीत गेला. शेजारच्या आजोबांकडे त्यांच्या पणजोबांची दुनळी बंदूक आहे. ती कोणी घडवली, एवढंच त्यांना हवंय. घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर श्रॉपशरमधल्या एकाचं नाव कोरलंय. आज जुन्या व्यापारी डिरेक्टरीत तो माणूस सापडला. खिळे, कुलपं, नांगराचे फाळ विकणारा दुकानदार! बंदूक बर्मिंगहॅमहून करवून घ्यायची आणि नाव आपलं कोरायचं, ही गावोगावच्या दुकानदारांची तेव्हाची सर्रास रीत. पैठणीच्या डब्यावर कुठे विणकराचं नाव असतं?

मग नळ्यांच्या खालच्या बाजूचे फोटो पुन्हा काढून बसले. मुकुट, त्याखाली एकमेकांना छेदणारे राजदंड, भोवती बीपीसी ही अक्षरं. म्हणजे नळ्यांत जादा दारू ठासून, बार उडवून त्या बॅनबरी स्ट्रीटच्या प्रूफ हाउसमध्ये पारखल्या. हे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं आणि हा शिक्का १९०४ पर्यंत चालला. नव्वद वर्षांचा पसारा, काय करणार त्याचं?

शेजारी नुसताच १३ चा आकडा. एक पौंड शिशाच्या सारख्या तेरा गोळ्या केल्या, तर त्यातली एक बसेल एवढी नळी रुंद. असा सुटा आकडा १८५५ ते १८८७ मधला; पुढे तो तिरक्या चौकोनात ठोकू लागले. आणि आज, भिंग लावल्यावर, गंजाखाली अक्षरं दिसली: ‘नॉट फॉर बॉल’. तोंडाशी आवळलेल्या नळीतून छर्रेच उडवावेत, सबंध गोळी नको, अशी ताकीद. ती फक्त १८७५ ते १८८७ मध्येच ठोकत. बारा वर्षं! छातीत धडधडलं अक्षरशः.

पण माणूस? इथे एक बंदूक एका हाताची नसायचीच. नळी एकाची, अक्रोडाचा दस्ता दुसऱ्याचा, नक्षी तिसऱ्याची. सुटे भाग घेऊन पोरं लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीटच्या गल्ल्यांतून पळायची. घरामागच्या खोपटात काम करणाऱ्याने हिशेबाची वही ठेवली असली, तरी ती त्याच्याबरोबरच गेली. उरलंसुरलं १९४० च्या बॉम्बहल्ल्यांत गेलं, नंतर रिंग रोडखाली गाडलं गेलं. याचं मला फार वाईट वाटतं.

नळीखाली दोन आद्याक्षरं आहेत. १८८१ च्या खानेसुमारीत त्या अक्षरांचे नळीकाम करणारे तिघं सापडले. एकाच्या घरात सात मुलं. कोणासाठी काम करतो, हे तेव्हाची खानेसुमारी विचारत नसे.

संध्याकाळी आजोबांना तिन्ही नावं वाचून दाखवली. त्यांनी ती परत वाचायला लावली, सावकाश, आणि लिहून घेतली. पुढच्या शनिवारी १८७१ ची पानं बघायची आहेत.